फोनवर घसरलेलं तोरण

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
धुळ्याहून आत्ता आलो. कंबरेचा पार भुगा झाला, पण मेळावा झकास! दुकानदार, व्यापारी आणि आम्ही वेबसाइट बनवणारे — खुर्च्या पुरेनात. सगळ्यांत म्हातारा मीच. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, साइट बनवायला आत्ता शिकलो, तरी पोरांनी पहिल्या रांगेत बसवलं. शिकवणारी दिपमाला माझ्या नातीएवढी. तिचं म्हणणं, साइटवर मालकाचा चेहरा मोठा हवा, त्यावरच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. आणि केलेलं काम आधी फोनवर बघायचं.

८ ऑक्टोबर
माझ्या जुन्या मित्राच्या, भाईदासच्या साइटवर त्याचा फेट्यातला फोटो मोठा करून टाकला. रुबाबदार दिसतो गडी! रावेरला त्याचा केळी भरून पाठवायचा धंदा. मूत्रपिंडं गेली म्हणून तो इथे जळगावात दवाखान्यात, आणि तिकडे सगळं एकट्या लेकीवर, ज्योत्स्नावर. दिल्लीचे व्यापारी तिच्याशी बोलतात, पण माल उचलतात बापाच्या शब्दावर. आबा उठेपर्यंत व्यापारी तुटू नयेत, एवढंच पोरीचं मागणं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
साइटवर झेंडूचं तोरण बांधलं. काय शोभलं!

१८ ऑक्टोबर
काय करून बसलो मी. फोनच्या अरुंद पडद्यावर तोरण खाली घसरलं आणि भाईदासच्या फोटोला हार झालं. फोटोला हार म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागतं का? सकाळपासून ज्योत्स्नाला सांत्वनाचे फोन. चाळीसगावचे पाहुणे रडतच दारात उतरले. दिल्लीच्या शेठनी गाड्या थांबवल्या.
डोळ्यांना बरं म्हणून मी मोठ्या पडद्यावरच बघत राहिलो, फोन हातात घेतलाच नाही. तोरण लगेच काढलं. लोकांनी पाहिलेलं कसं काढू?
पोरीने मला चार शब्द सुनावले असते तर बरं. नुसतं म्हणाली, “नाना, मी सांगते आबा आहेत, तर शेठ म्हणतात, पोरी, धंद्यासाठी लपवू नको.”

१९ ऑक्टोबर
मान खाली घालून भाईदासला सगळं सांगितलं. तो हसला, खोकला येईस्तोवर हसला. आम्ही दोघे मूळचे धुळ्याकडचे, आपसात अहिराणीच. म्हणाला, “कोन कोन रडनं, ते सांग पहिले.”
मग पाठीला उशी लावून बसला आणि एकेका व्यापाऱ्याला व्हिडिओवर तोंड दाखवलं. दिल्लीच्या शेठना तर जीभ काढून दाखवली. शेवटी शेवटी फोन त्याच्यासमोर मी धरला. राहू दे म्हटलं, ऐकेना.

२१ ऑक्टोबर
रावेरला गाड्या लागल्या. दिवाळी झाली म्हणायची.

२ नोव्हेंबर, रविवार
जळगावचा मेळावा. उभा राहून माझी चूक सगळ्यांना दाखवली — मोठा पडदा आणि फोन, शेजारी शेजारी. खूप हसले सगळे. हसू ओसरल्यावर किरण नावाच्या कापडवाल्याने विचारलं, आबा आता कसे आहेत. ठीक आहेत म्हणालो आणि खाली बसलो. त्या फोनांच्या दिवसापासून भाईदास उठून बसलेला नाही.

४ नोव्हेंबर
अंगावरची सूज उतरत नाही. मला ओळखलं, तेवढंच.

६ नोव्हेंबर
भाईदास पहाटे गेला.
ज्योत्स्नाने डोळे पुसले आणि दिल्लीला फोन लावला. मी शेजारीच होतो. शेठ हसायला लागले. म्हणाले, “या वेळी नाही फसायचो, पोरी. दे, आबांना फोन दे.”