सात संगणकांची तक्रार

४ जानेवारी २०२४

आज तिसऱ्यांदा! नकाशा अर्ध्यावर आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद. खडकीच्या शेडचं नकाशात काढलेलं छत गेलं.

तक्रार केली. मी तक्रार करतो ती जावक क्रमांक आणि मुदत घालून. थेट कंपनीला, लेटरहेडवर — आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले सातही संगणक आपल्या या भिकार मालामुळे अडले आहेत, पंधरा दिवसांत खुलासा करावा. वैजनाथ — आमचा ड्राफ्ट्समन, मूळ लातूरचा, नऊ वर्षं इथे — म्हणाला, साहेब, हे पाठवू नका. पुढे काही सांगत होता, मी ऐकलं नाही. अन्याय सहन करायची एकेकाला सवय असते. आम्हाला नाही.

१८ जानेवारी

मुदतीच्या आत उत्तर! मात्र इंजिनिअरचं नाही, वकिलाचं. सातही संगणकांच्या परवान्यांची बिलं मागितली आहेत.

बिल कुठलं? २०१५ साली बुधवार पेठेत एका जिन्याखाली सीडी घेतली. तीनशे सांगत होता, मी दोनशेत आणली. माझ्यासमोर वैजनाथने ती सगळीकडे टाकली. म्हणजे चोरीचा माल बिघडला म्हणून मी मूळ मालकाकडे तक्रार नोंदवली, तीही पत्ता आणि शिक्क्यासह! गाढवपणाला सीमा नाही.

२० जानेवारी

वकीलबाई प्रेमला गद्रे यांच्याकडे गेलो. जाणूनबुजून वापरलं असेल तर कैद — कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं — शिवाय दंड. ‘जाणूनबुजून’वर त्यांनी दोनदा बोट ठेवलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, कधीकधी एखादा कर्मचारी परस्पर टाकतो, मालकाला पत्ताही नसतो.

घरी मंदाकिनीला सांगितलं. ती म्हणाली, “सातच दिवस असतील तर आधी कळवा, मी तनयाकडे जाऊन येईन.” लेकीकडे जायला हिला निमित्तच हवं असतं!

२५ जानेवारी

कंपनीला पत्र लिहिलं. ‘सदर सॉफ्टवेअर आमचे कर्मचारी श्री. वैजनाथ यांनी आमच्या माघारी बसवले.’ सीडी त्यानेच घातली होती की! अगदीच खोटं नाही. असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

पत्र टाइप कोण करणार? ऑफिसात मराठी टायपिंग एकट्या वैजनाथला येतं. दिलं त्यालाच. माझ्या हातून हे झालं, यावर माझाच विश्वास बसत नाही. त्याने वाचलं, टाइप केलं, ‘कर्मचारी’मधली माझी चूक सुधारली आणि विचारलं, “प्रती किती काढू, साहेब?”

मी म्हणालो, दोन.

२६ जानेवारी

सुट्टी. जेवण गेलं नाही. त्याच्या नावावर खटला झाला तर त्याला कुठलं ऑफिस उभं करील? मुक्ताईला, त्याच्या बायकोला, सातवा महिना आहे.

३१ जानेवारी

सही केली नाही.

५ फेब्रुवारी

उद्या कंपनीची माणसं तपासणीला येणार. गद्रेबाईंचा फोन — ते पत्र द्यायचं असेल तर तपासणीच्या आधी द्या, नंतर त्याला किंमत नाही.

६ फेब्रुवारी

दोघे आले, पावणेदहाला. चहाही न घेता दहाला कामाला लागले. तीन तास!

सहा संगणक स्वच्छ. त्यांत आमची सीडी नाहीच. दोन वर्षांपूर्वी वैजनाथने ती काढून फुकट मिळणारं, पण रीतसर सॉफ्टवेअर बसवलं होतं. माझ्या संगणकालाही बसवतो म्हणाला होता. मी म्हणे त्याला सांगितलं होतं, फुकटच्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

सापडलं ते फक्त माझ्या संगणकात.

७ फेब्रुवारी

वैजनाथला विचारलं, हे सगळं ठाऊक होतं तर पत्र टाइप करताना गप्प का बसलास?

“तुम्ही ते देता का न्हाई, ते बघायलो होतो, साहेब.”

काल दहाला पाच कमी असताना ते पत्र मी कंपनीच्या माणसांच्या हातात दिलं. सहीनिशी.