आईची चमकी आणि माझं नाक

२ मार्च, रविवार

ताईचा व्हिडिओ कॉल. पाऊण तास. तेवढ्यात दूध उतू गेलं. शेगडी पुसण्यात गेलेला वेळ वेगळाच.

ताई एप्रिलअखेर दोन दिवस राहायला येणार आहे. येताना आईची चमकी आणणार. म्हणाली, आई जाऊन वर्ष झालं, एकदाचा काय तो निकाल लावून टाकू. त्यात निकाल कसला? आई सांगून गेलीये, जिचं नाक टोचलेलं असेल तिची चमकी. ताईचं टोचलेलं आहे, माझं नाही. मी आठ वर्षांची असताना सोनार घरी आला होता. मी त्याच्या बोटाला चावले आणि कॉटखाली जाऊन बसले. बाहेर आले तोवर सोनार गेला होता. ही गोष्ट ताईने माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना सांगितली.

बोलताना ताई सारखी नाकाला हात लावत होती. मुद्दाम.

मला दागिन्यांचा सोस नाही, कधीच नव्हता. पण आईने ती चमकी कधी काढली नाही. भांडी घासताना नाही, तापात नाही. आई रागावायची तेव्हा आधी चमकी हलायची, मग आवाज यायचा.

असो. दूध अर्धा लिटर गेलं.

३ मार्च

सकाळी प्रार्थनेत देवाला विचारलं, काय करू. विचारताक्षणी नाकाच्या डाव्या बाजूला खाज सुटली. याहून स्पष्ट उत्तर काय असतं?

नाक टोचून घ्यायचं. कुणालाही सांगायचं नाही. ताई आली की सरळ समोर उभं राहायचं.

संध्याकाळ : सूनबाईला सांगितलं, कारण नाक टोचायचं दुकान तिलाच माहीत आहे. ह्यांना सांगितलं, कारण नवरा आहे. इस्त्रीवाल्याला कुणी सांगितलं ते मात्र कळलं नाही.

८ मार्च, शनिवार

झालं. एकदाचं झालं.

चपला शिवणाऱ्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर दुकान. टोचणाऱ्या मुलीच्या मानेवर पाल गोंदलेली. ती बोलली की पाल हलायची. मी खुर्चीत बसले. मग आठवलं, गॅस बंद केला की नाही. उठले. सूनबाई म्हणाली, केलाय, मी बघितलाय. बसले. मग तहान लागली. शेवटी सूनबाईच म्हणाली, आई, थांबा, आधी मी करून घेते, तुम्ही नुसतं बघा. आणि खरंच बसली! पापणीसुद्धा हलली नाही तिची. तिला काही टोचून घ्यायचं नव्हतं, केवळ माझ्यासाठी. मनातून बरं वाटलं, तोंडाने खर्चाचं बोलले.

मग मी. ओरडले नाही. सूनबाई म्हणते की खालच्या चपलावाल्याने वर बघितलं. त्याची त्याला काहीतरी कामं असतील.

पालवालीने सूचनांचा कागद दिला, वर तोंडानेही सांगितलं. चार महिने खडा काढायचा नाही. हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा फवारा. हळद नाही, तेल नाही, क्रीम नाही. सूनबाईने फवाऱ्याची बाटली घेतली. मिठाचं पाणी विकत! मी नाही घेतली. खडाही पालवाली चांगल्या धातूचा घ्या म्हणत होती, दोनदा म्हणाली. मी सोनेरी पॉलिशचा घेतला. तिथे आईची चमकी बसायची आहे. तात्पुरत्या भाडेकरूसाठी कुणी घराला संगमरवर घालतं का?

चार महिने हे सर्वसाधारण माणसाचं. माझ्या जखमा लवकर भरतात. मागे सुरी लागली होती, तिसऱ्या दिवशी खूणही नव्हती. एप्रिलअखेर म्हणजे भरपूर वेळ झाला.

जेवताना ह्यांनी माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, नाकाला साबण राहिलाय बघ.

खर्च कुठल्या सदरात लिहावा, हा प्रश्न. 'चैन' हे सदर माझ्या वहीत नाही. 'औषधपाणी'त टाकला.

१० मार्च

तोंड पुसताना टॉवेल अडकला. चांदण्या दिसल्या.

चष्मा नाकावर टेकतो. चष्म्याशिवाय धान्य निवडता येत नाही. पीठ चाळताना शिंक. शिंकेनंतर पुन्हा चांदण्या. घरातलं प्रत्येक काम नाकाशी येऊन थांबतं, हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

१३ मार्च

कागदावर लिहिलंय, कपभर पाण्यात चिमूटभर मीठ. चिमटीला चार महिने, तर चमचाभराला किती? साधं त्रैराशिक. मॅट्रिकला गणितात मला चांगले मार्क होते.

संध्याकाळ : भयंकर जळजळतंय. म्हणजे गुण येतोय.

१४ मार्च

नाक टोमॅटोसारखं झालंय. गुण जरा जास्तच आला.

१७ मार्च, सोमवार

सूनबाईचं नाक अगदी गप्प आहे. विचारलं, दुखतं का गं? तर म्हणे, विसरूनच जाते मी. आजकालच्या मुलींना कशाचं काही वाटतच नाही. सकाळी फवारा मारते, बस पकडते, संध्याकाळी येऊन फवारा मारते, संपलं. जखमेची काळजी म्हणून काही नाही.

मी दिवसभर लक्ष देते. तासातासाला आरशात बघते, हाताने दाबून बघते, पुढे-मागे फिरवून बघते. आज हळद आणि तेल लावलं. कागदावर 'नाही' लिहिलंय, पण कागद छापणाऱ्याला आई नसावी.

२२ मार्च

एक बारीक पुटकुळी आलीये. खड्याच्या शेजारी. फार बारीक.

देवाला सांगितलं, ताई येईपर्यंत ही जाऊ दे, तोवर चहात साखर घेणार नाही.

२३ मार्च

पुटकुळी फार बारीक नाही. चहा बिनसाखरेचा. डोकं दुखलं. ह्यांच्यावर उगाच ओरडले.

२५ मार्च

चहात साखर नाही, पण बिस्किटाबद्दल देवाशी काही बोलणं झालेलं नव्हतं.

३० मार्च, रविवार

सूनबाई ओढूनच घेऊन गेली पालवालीकडे. पालवालीने विचारलं, काय लावता? मी म्हटलं, काही नाही. तिने ओला कापूस फिरवला. कापूस पिवळाधमक. ती नुसतं 'हं' म्हणाली. पालही हलली नाही.

तिचं म्हणणं, खडा वाईट आहे, चांगल्या धातूचा आत्ताच बदलून घ्या, नुसतं साधं ठेवा, हात लावू नका, भरून येईल. सूनबाई म्हणाली, आई, मी देते पैसे. सुनेच्या पैशाने नाक? विचार करून सांगते म्हटलं आणि जिना उतरले. चपलावाला हसला. ओळख झालीये आता.

आजपासून ठराव : हात लावायचा नाही. हळद नाही. चिमूटभरच मीठ.

१ एप्रिल

हळद लावली. थोडी.

७ एप्रिल

सर्दी. इतक्या वर्षांत एप्रिलमध्ये सर्दी झाल्याचं आठवत नाही. 'नाकी नऊ येणे' हा वाक्प्रचार मी मॅट्रिकला वाक्यात वापरला होता. वाक्य आठवत नाही, पण आता नवीन लिहिता येईल.

थकले. अंथरुणावर पडावं तर उशी टोचते. डाव्या कुशीवर झोपायची चाळीस वर्षांची सवय मोडली. उजव्या कुशीला हे घोरतात.

१२ एप्रिल, शनिवार

ताईचा व्हिडिओ कॉल. मी कॅमेरा पंख्याकडे केला. ताई म्हणाली, अगं, मला पंखा काय दाखवतेस? मी म्हटलं, नवीन आहे. आहे जुनाच. एवढ्यात मागून ह्यांचा आवाज : ताई, हिचं नाक बघितलंत का? टोचून घेतलंय! या वयात!

चाळीस दिवसांचं गुपित दोन वाक्यांत गेलं. लग्न झालं त्या दिवसापासून ह्या माणसाने माझी एकही गोष्ट वेळेवर केली नाही, हीच तेवढी केली.

ताईचा हात नाकाशी गेला. मग म्हणाली, खरं? मग म्हणाली, बरं झालं. आणि फोन ठेवला.

जळली. बरं झालं म्हणताना आवाज कापत होता तिचा. वाईट वाटलं मला. पण आईचा शब्द तो आईचा शब्द.

१९ एप्रिल

पुटकुळी बसत चाललीये. चहात साखर सुरू केली, देवाला आधी सांगून.

दुपारी आरशासमोर सराव. ताईने डबी पुढे केली की म्हणायचं, अगं नको गं ताई, तूच ठेव. दोनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा ती आग्रह करेल. तेव्हा खाली बघून घ्यायची. चौथ्यांदा मात्र नको म्हणायचं नाही, ताईचा भरवसा नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

उद्या ताई. सकाळपासून पडदे, चादरी, न्हाणीघर. मग आरशात बघितलं तर खड्याचं पॉलिश काळं पडलेलं. असं नाक घेऊन तिच्यासमोर जायचं? खडा काढला, टूथपेस्टने घासला, चकचकीत झाला. म्हटलं, नाकालाही जरा विश्रांती मिळेल. वाटीत ठेवला आणि म्हटलं, पाठ टेकावी पाच मिनिटं.

उठले तेव्हा दिवेलागणीची वेळ. इतकी गाढ झोप महिनाभरात लागली नव्हती. डाव्या कुशीवर.

खडा आत जाईना. आधी सरळ, मग तिरका, मग तेल लावून. सूनबाई ऑफिसातून आली, पर्ससुद्धा न ठेवता बघत राहिली. आई, काढलात कशाला हो? असं म्हणाली, एवढंच. तिनेही प्रयत्न केला. मग माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा थांबली. म्हणाली, मिटलंय, आई.

मिटलं नाहीये. बाहेरून दिसत नाही, एवढंच. आत आहे.

२६ एप्रिल, शनिवार

ताई आली. मी नाकाला रुमाल लावूनच दार उघडलं. सर्दी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आधी तोंड धुते, प्रवासात जीव आंबलाय.

न्हाणीघरातून बाहेर आली आणि टॉवेल माझ्या हातात दिला. टॉवेलला काहीतरी चमकलं. तिची चमकी. मागे काडी नव्हती. गोंदाचा वाळका ठिपका होता.

मी टॉवेलकडे बघतेय, ती माझ्याकडे. मग ती पलंगावर बसली. म्हणाली, तीन वर्षं झाली. कसल्या तरी तपासणीला अंगावरचं सगळं काढायला लावलं होतं, आठवड्याने घालायला गेले तर भोक बुजलेलं. पुन्हा टोचायचा धीर झाला नाही. आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चिकटवायला लागले. आईला दिसायचं कमी, म्हणून चाललं. पडेल या भीतीने सारखी दाबत असते. तुला कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या नाकाला मी जन्मभर हसले आणि आता माझंही नाही? परवा भाऊजी म्हणाले, तू टोचून घेतलंस. सुटले गं मी. म्हटलं, चला, आईची चमकी घरी गेली.

तिने डबी उघडली. म्हणाली, आण नाक इकडे.

मी रुमाल काढला.

ताईने जवळून बघितलं. लांबून बघितलं. चष्मा लावून बघितलं. मग म्हणाली, कॉट कुठाय तुझी? खाली जाऊन बस. आणि हसत सुटली. मला भयंकर राग आला. मग काय झालं कोण जाणे, मीही हसायला लागले. नाक इतकं दुखत होतं की हसतेय की रडतेय ते कळेना. ताईचंही तेच.

तेवढ्यात सूनबाई पाणी घेऊन आली. ताईचं हसू थांबलं. ती सुनेच्या नाकाकडे बघत राहिली. स्वच्छ, शांत नाक, त्यात एवढासा खडा. ताई मला म्हणाली, आईने 'माझ्या मुलींपैकी' असं म्हटलं होतं का गं? मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. नव्हतं म्हटलं.

सूनबाई दोन पावलं मागे सरली. म्हणाली, छे छे, मी कशी घेऊ? आता मी बोलायचं होतं. पाठ केलेलं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. अगं नको गं, म्हणायला तोंड उघडलं आणि त्याचा पुढचाच भाग बाहेर आला : तूच ठेव.

एकदाच म्हणाले. कुणी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

ताई गेली. जाताना तिची गोंदाची ट्यूब ठेवून गेली. म्हणाली, कुणाला कळत नाही, सवय होते. मी फेकणार होते, पण निम्मी भरलेली आहे.

देवाची योजना वेगळीच असते. खाज सुटली ती माझ्या नाकाला, पण निरोप सुनेचा होता. चमकी घरातच राहिली, हे काय कमी? मला सोस नव्हताच.

सूनबाई म्हणाली, चार महिने झाल्याशिवाय मी माझा खडा काढणार नाही, जुलैपर्यंत चमकी तुमच्याकडेच ठेवा, आई. जबाबदारी मोठी आहे. डबी कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवलीये. नीट आहे ना ते सकाळी बघितलं. अकराच्या सुमारास पुन्हा. जेवणं झाल्यावर एकदा.

दुपारी आरशासमोर नुसती धरून बघितली. डाव्या बाजूला. बोटाने धरली की बोटच दिसतं, चमकी दिसत नाही. बोट काढलं की ती पडते. तरी जरा वेळ तशीच उभी राहिले.

मागून हे म्हणाले, काय गं, शिंक येतेय का?

हो म्हटलं.