तळ्यावरचा क्लब

गिन्तौतास,

तुझ्या आइस हॉकी क्लबचा इतिहास राजधानीत, विल्नियसमध्ये, छापून आला. पहिलीच ओळ, 'क्लबचा जन्म राजधानीत झाला.' मग आपले बाबा गावच्या तळ्यावर बादल्यांनी पाणी ओतून बर्फ गुळगुळीत करायचे, तो कोणाचा क्लब होता?

बाबा गेल्यावर क्लब राजधानीत नेताना, पितरांच्या दिवशी त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावून तू म्हणालास, "ताई, गावाचं नाव खेळाडूंच्या छातीवरून कधी उतरणार नाही." त्या शब्दावर मी भरसभेत गावाला तुझ्या बाजूला वळवलं. दर नोव्हेंबरात त्या दिवशी सगळा संघ बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायचा. यंदा एकही फिरकला नाही. बाबांचे खेळातले जुने जोडीदार प्रानासकाका म्हणाले, "काय गं, तुझ्या भावाच्या राजधानीत मेणबत्त्या मिळत नाहीत होय?"

आता तळं गोठलंय. काकांनी आणि मी पुन्हा पाणी ओतलं. गावाचं नाव असलेले जुने शर्ट घालून आम्ही खेळतो. गोलरक्षक नव्हता, ती तुझी जागा. तिथे मी उभी राहते.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुला वाटेल, मी बोलावतेय.

बाबांची मुलगी,
रिमगाइले