गोपिकेची बोंब

महाल, नागपूर
५ मार्च १९६८

चि. चंपतरावास बहीण सुभद्राचे आशीर्वाद.

तुझी गोपिका शाळेत हुशार आहे, पण तिचा गळा मले सोसत नाही. नळाले पाणी आलं तरी तोंडावर हात मारून बोंब, मांजर दिसलं तरी बोंब. काल पालीले पाहून ओरडली तं शेजारची मैनाबाई लाटणं घेऊन धावत आली. आता साऱ्या गल्लीत माझी शोभा करून राहिली. गावात चौथीपुढं शाळा नाही, ठाऊक आहे मले. तरी शिमगा झाला की पोरीले घेऊन जा गा.

घरच्यांस माझी आठवण सांग.

सुभद्रा


सावंगी, ता. उमरेड
९ मार्च १९६८

ती. बाईस चंपतरावचा नमस्कार. वि. वि.

पत्र ऐकून गोपिकेची माय जेवली नाही. काहून विसरली वं बाई? आपल्याकडे गंजीले आग लागली, बैल विहिरीत पडला की बोंब मारतात, अन् सारं गाव हातातलं टाकून धावतं. शिमग्याची बोंब तेवढी मजेची. पोरगी हेच शिकली. इथं आली तं शाळा संपली, मंग लग्नच. तू म्हणते तं धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी येतो.

राग धरू नको, माया ठेव.

चंपत


महाल, नागपूर
१५ मार्च १९६८

चि. चंपतरावास आशीर्वाद.

आपल्या सावंगीचे नत्थूजी आत्ताच उमरेडच्या मोटारीनं निघून राहिले, त्यांच्या हाती घाईनं चिठ्ठी देते. काल होळीची ठिणगी उडाली अन् बाजूच्या जागेश्वर विणकराच्या सुतावर पडली. घरचे सारे होळीपाशी. गोपिकेनं पाहिलं अन् बोंब ठोकली. पण तेव्हा सारी गल्लीच बोंबलून राहिली होती. लोकं हिले पाहून हसले अन् अजून जोरानं ओरडले. मीही हसली गा.

मंग पोरगी माडीवर चढली, अन् ज्वारीतले पाखरं उडवतात ती आरोळी अशी दिली की लोकांचे हात तोंडावरच थांबले. असा आवाज महालात कोणी ऐकला नव्हता. तिनं बोट दाखवलं तसे सारे बादल्या घेऊन पळाले. थोडं सूत जळलं, माग वाचला. जागेश्वर तिच्यापुढं हात जोडून रडला.

आज तिचा गळा पार बसला. मैनाबाईनं हळदीचं दूध आणलं. मी सकाळपासून म्हणून राहिली, काही तं बोल वं, तं नुसती हसते. घर खाले उठलं आहे.

उद्या आला तं जेवून एकटा परत जा. पोरगी मॅट्रिक होईस्तोवर माझी.

गोपिकेच्या मायले म्हण, आता पोटभर जेव.

तुझी बाई,
सुभद्रा