शेऱ्याचा रकाना

३ मार्च
झालं एकदाचं! बाबांच्या स्टुडिओतल्या त्या एकुलत्या एका संगणकातली ती यादी आज नेटवर चढली. संगणकवाला दोन तास खुर्चीत रुतून बसला होता. आता इथे मी उघडायची, तिकडे दादा उघडणार.

नऊ हजार निगेटिव्ह. हात थरथरायला लागल्यावर बाबांनी कॅमेरा ठेवून दिला आणि एका बोटाने ही यादी टाइप केली. नंबर, साल, कोणाचा फोटो, शेरा. त्यातल्या अडीच हजारांपुढे 'नाव माहीत नाही'. मी आपली आतल्या काळोखात फोटो धूत बसायचे. काउंटरवर दादा. चेहरे त्यालाच पाठ.

संगणकवाल्याची एकच अट — "दोघांनी एकाच वेळी उघडायची नाही. आधी समोरच्याला एक फोन टाकायचा, बस." मी मान डोलावली. त्याला काय सांगणार, दादा तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही म्हणून!

५ मार्च
वहिनीने मध्यस्थी केली म्हणून तो नावं भरायला तयार तरी झाला. वर तिची ताकीद — "फोन तेवढा करू नका हं ताई, चिडतात." बरं बाई. वेळा वाटून घेतल्या. सकाळ माझी, दुपारनंतर त्याची.

चूक माझीच आहे. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला कळवलं नाही. वाटलं, दोन दिवसांत घरी येतील, उगाच कशाला त्याची धावपळ? तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "माझाही बाप होता तो." त्यानंतर अबोला.

९ मार्च
शेऱ्यात पहिली ओळ! निगेटिव्ह ३३४० — 'सायकलवाल्याची थोरली. ऐन वेळी शिंकली. बाबांनी पुन्हा बोलावलं, लाजून आलीच नाही.' आधी हसले, मग रडले. थेट त्याचं बोलणं.

१७ मार्च
बावन्न नावं झाली. 'शाळेचा शिपाई. पोट आत ओढून उभा. खरं पोट बघायचं तर पुढची निगेटिव्ह.' पुढची काढून बघितली. खरंच की!

किती बोलतोय. माझ्याशी नाही, पण बोलतोय. सकाळी चहाच्या आधी यादी उघडते हल्ली.

२ एप्रिल
आज हिंमत केली. आम्हा दोघांचा लहानपणीचा फोटो — मी रडतेय, दादाने माझी वेणी धरलीये. त्यापुढे शेऱ्यात लिहिलं, 'दादा, तेव्हा कळवायला हवं होतं. चुकले मी. माझ्याशी बोल ना रे.' दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

३ एप्रिल
काही नाही.

७ एप्रिल
अजून काही नाही. नवी नावंसुद्धा नाहीत. म्हणजे कामही सोडलं त्याने! दिवसातून दहा वेळा उघडून बघते, दुपारी, संध्याकाळी. वेळा गेल्या खड्ड्यात. मला फक्त एक ओळ हवी आहे. शिवी दिली तरी चालेल.

११ एप्रिल
नेटवरची जागा भरत आली म्हणून सूचना. फोल्डरमध्ये पाहिलं तर याच यादीची आणखी एक प्रत, नावाला हे लांबलचक शेपूट. कुठली तरी जुनी असणार. उडवली. कचरापेटीही रिकामी केली. मी एकदा आवरायला घेतलं की घेतलं!

शेऱ्यात काही नाही.

१५ एप्रिल
राहवलं नाही. फोन केला. दादानेच उचलला! मी "दादा?" म्हटलं. गप्प. श्वास ऐकू येत होता. म्हटलं, "माझं वाचलंस ना?" गप्प.

मग माझाही तोल गेला. "दगडाला पाझर फुटेल, तुला नाही फुटणार! तोंडातून एक शब्द काढायला काय होतं रे तुला? जीभ झडते का?" आणि दाणकन ठेवून दिला.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझा फोन घेतला आणि मी हे बोलले. जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल
संगणकवाला आला होता. यादी उघडली, सगळं फोल्डर चाळलं. मग — "दोघांनी एकदम उघडली होती ना? दादांनी तर बंदच केली नसणार आठवडाभर. अशा वेळी एकाचं काम वेगळ्या प्रतीत जातं. ती कुठाय?"

सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचं दोन तारखेपासूनचं सगळं त्यात होतं." परत येईल का? नाही. पेटी रिकामी केली नसती तर आलं असतं.

म्हणजे दादाने लिहिलं होतं! मला उत्तर दिलं होतं त्याने. आणि ते न वाचता मी आपल्या हाताने पुसलं, वर त्यालाच बोल लावले. आता कुठल्या तोंडाने फोन करू? करायला तर हवाच. उद्या वहिनीला करते.

१७ एप्रिल
वहिनीच बोलत होती, मी नुसती ऐकत होते. जानेवारीत दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. मला कळवायचं नाही अशी त्याने शपथ घातली होती. पण दोन तारखेला माझी ओळ वाचली आणि तिला पाटीवर लिहून दाखवलं, 'आता तिला मीच सांगतो.' आठ दिवस यादीपुढे बसून मला सगळं लिहीत होता.

"त्यांना वाटलं, ताई, तुम्ही वाचलंय सगळं. म्हणून तर परवा फोन उचलला."