उभी ठेवलेली सायकल

सानगडी, १६ नोव्हेंबर, रविवार

पोचली एकदाची! छोट्या हत्ती टेम्पोत गादी, गॅस, दोन पोती सामान आणि वर आडव्या बांधलेल्या दोन सायकली. आंधळगावच्या घरापासून इथपर्यंत माझ्या धाकट्या भावानं, धम्मदीपनं, ड्रायव्हरचं डोकं खाल्लं, भाऊ हळू घे, गिअर वाकतीन म्हणून. माझ्या कपबशा फुटल्या त्याचं त्याले काहीच नाही.

उद्यापासून मी इथली शाखा डाकपाल. डाकपालानं पोस्टाच्या गावातच राहावं असा नियम आहे, म्हणून ही खोली. घर फकिराकाका आणि रेवतामावशीचं. ढिवर लोक आहेत, तलावात मासे धरतात. मागचं दार उघडलं की अंगण, अंगणापलीकडे तलावाची पाळ, मग नुसतं पाणी. मावशीनं आल्या आल्या भात आणि तळलेल्या मासोळ्या पुढे ठेवल्या. दीपनं तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मले लाज वाटली आणि मावशीले आनंद झाला.

या वहीच्या पुढच्या पानांवर रोजनिशी, मागच्या पानांवर आमची ट्रिप. मी सव्वीसची, तो तेवीसचा, आणि दोघांनीही अजून समुद्र पाहिला नाही. पाहाचा तर सायकलवरून आणि सगळाच्या सगळा, असं त्याचं म्हणणं. रोजनिशीत मी घरी बोलते तशीच लिहीन. दिवसभर पोस्टात शुद्ध बोलावं लागणारच आहे.

२३ नोव्हेंबर

दीप काल आंधळगावहून सायकलनंच आला. आज दिवसभर नकाशा. रेवसपासून रेडीपर्यंत, समुद्र उजव्या हाताले ठेवून. नऊ दिवस, पाचशे बावीस किलोमीटर. पहिला मुक्काम काशीद, मग श्रीवर्धन, केळशी, गुहागर, गणपतीपुळे, पूर्णगड, देवगड, मालवण आणि शेवटी रेडी. मध्ये खाड्या लागतात, तिथं सायकल फेरीबोटीत चढवाची. हे ऐकून फकिराकाकाले लयच हसू आलं. म्हणाले, एवढी पायडल मारून जाता आणि शेवटी डोंग्यातच बसता, मग माझ्या डोंग्यात काय काटे आहेत?

दीपले दोन जानेवारीले निघाचं होतं. मी म्हटलं, नवीन नोकरी आहे, दहाच्या आधी रजा मिळत नाही. जरासा फुगला, मग भजे खाऊन विसरला.

पाळीवर एक जुना डोंगा पालथा पडून आहे. दीप त्यावर बसाले गेला तर काकांनं हात धरून उठवलं. त्यांचा मोठा भाऊ नत्थू अकरा वर्षांमागं या तलावात गेला, त्याचा तो डोंगा. त्यांच्यात पाण्यानं माणूस नेला की त्याचा डोंगा पालथा घालतात. तेव्हा त्याले समजते की आपलं काम संपलं. सुलटा ठेवला तर तो रोज कामावर येतच राहते. मी म्हटलं, काका, आमच्या आजोबानं छप्पन सालीच हे सगळं सोडलं. काका म्हणाले, तू मान असं म्हटलं का मी? बसू नको एवढंच म्हणतो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मलेच ओशाळं वाटलं.

७ डिसेंबर

सायकलींचं सगळं सामान आलं. मागच्या बॅगा, हँडलवरची बॅग, किलोमीटर मोजाचं मीटर आणि पेडलचे पायपट्टे. पाय पट्ट्यात घालून घट्ट आवळला की चढावर पेडल वरतीही ओढता येते, असं मी वाचलं होतं. माझे पट्टे अजून डब्यातच आहेत, दीपचे मात्र मी स्वतः बसवून आवळून दिले, एक बक्कल वाकवून घट्ट केला. त्याले आवडले नाही. पाय अडकून राहते ताई, म्हणे. मी म्हटलं, सवय कर, कोकणातल्या घाटात मग माझ्या नावानं रडू नको. पुढच्या रविवारी पूर्ण वजन लादून तलावाची एक फेरी माराची, बहाणा चालणार नाही.

आमचा दीपसाहेब डावखुरा आहे. वहीत जे काम झालं त्यापुढे खूण करते तीही उलटी, डावीकडे लांब गेलेली. शाळेत यापायी किती मार खाल्ला बिचाऱ्यानं.

२१ डिसेंबर, आंधळगाव

आठ दिवस झाले. लिहिलं नाही तर मी फुटून जाईन.

मागच्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता दीप फेरी माराले गेला. धुकं होतं. चौदा किलो वजन होतं. मले म्हणाला, ताई, चल ना. मी गोधडीतून म्हटलं, तू हो पुढे, मी दुसऱ्या फेरीले येते.

पाळीच्या वळणावर, पाणी सोडाच्या दाराजवळ चाक घसरलं, सायकलसकट तलावात गेला. काकांनं उडी मारली, वर काढलं त्याले. उशीर झाला होता. दोन्ही पाय पट्ट्यात होते.

काल पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, वंदना झाली, सगळा मोहल्ला आला. आई धाय मोकलून रडत होती. बाबा सगळ्यांले सांगत होते, धुक्यानं नेला माझा पोरगा. पट्ट्याचं कोणाले माहीत नाही. काकांले माहीत आहे, ते बोलले नाहीत. मीही बोलली नाही. धुक्यानं नाही नेलं बाबा. मी आवळले होते ते.

२४ डिसेंबर, सानगडी

कामावर परत आली. अंगणात पाय ठेवला तर दीपची सायकल पालथी उभी, सीट मातीत, चाकं आभाळाकडे. काकांनं ठेवली होती. माझं डोकंच फिरलं. पंक्चरवाल्याच्या दुकानात पडल्यासारखी ठेवली माझ्या भावाची सायकल! मी सुलटी केली. चिखल धुतला, चेनले तेल दिलं, हवा भरली, बॅगा धुऊन वाळवून परत लावल्या, पाण्याची बाटली भरून जागेवर अडकवली. पट्टे मात्र पूर्ण ढिले करून ठेवले. तोडून फेकणार होती, पण त्याच्या बोटांनी ते धरले होते.

मावशी रडत म्हणाली, राहू दे ना वो बाई, एक पावसाळा जाऊ दे. मी तिले नको ते बोलली. आमच्यात असलं काही नसते, आमचं आम्हाले पाहू द्या, असं. ती आत गेली.

ठरवलं आहे. दहा जानेवारीले मी त्याच्याच सायकलवर जाईन. मीटर शून्यावर आणलं.

२ जानेवारी

सकाळी अंगणात आली तर टायर ओले. दव असेल म्हटलं. मग मीटर पाहिलं. ५४.

रेवस ते काशीद चौपन्न आहे.

बॅटरी बिघडली असेल. पाण्यात होती ना.

३ जानेवारी

११२. चाकाच्या तारांत रेती आहे, बारीक, पांढरट. आपल्या तलावात काळी माती आहे. बाटलीतलं पाणी अर्धं संपलं होतं, एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. खारं होतं. मीठ घोळल्यासारखं खारं.

वहीचं मागचं पान उघडलं. काशीदपुढे खूण, श्रीवर्धनपुढे खूण. डावीकडे लांब गेलेली.

मी तिथंच खाली बसली. भीती वाटली, खोटं कायले बोलू. पण पहिल्यांदा रडूच आलं. दोन तारखेलेच निघाला पोरगा. माझी वाट नाही पाहिली.

५ जानेवारी

काल १७०. आज २३०, गुहागर. पट्टे रोज आवळलेले असतात. मी रोज ढिले करते.

शेवटी काकांले सांगतलं. मले वाटलं, ते म्हणतील, पाहा, सांगत होतो. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, पोरी, त्याले समजलंच नाही अजून. तू सायकल तयार ठेवली, तो कामावर येते. तो तलावाच्याच फेऱ्या मारून राहिला आहे, त्याले समुद्र दिसत असेल. आणि एकटा माणूस फार दिवस एकटा चालत नाही, सोबत मागते.

मावशीची माफी मागितली. तिनं कुशीत घेतलं. मग आम्ही तिघांनी मिळून सायकल पालथी घातली.

६ जानेवारी

काही नाही. मीटर २३०. टायर कोरडे. पोस्टात दिवसभर बरं वाटलं.

७ जानेवारी

बरं नाही. काहीच बरं नाही.

सकाळी दारापासून पाळीपर्यंत ओल्या पावलांच्या खुणा. अनवाणी. सायकलभोवती तीन चकरा मारल्या आहेत, मग दाराशी येऊन थांबल्या, मग परत. पाय ओढत चालल्यासारख्या. धुक्यातून पाळीवरून हाक आली. ताई. रागानं नाही. लहानपणी शाळा सुटल्यावर गेटवर मी दिसली नाही की मारायचा तशी.

गुहागरले अडकला आहे तो. रात्रंदिवस पायी फिरून राहिला. अर्ध्या रस्त्यात सोडलं मी त्याले. दुसऱ्यांदा.

संध्याकाळी काका-मावशी बाजारात गेले तेव्हा मी सायकल सुलटी केली. हवा भरली. बाटली भरली. नऊ दिवस पूर्ण झाले की जाईल तो आपोआप. रेडीले पोचला की संपलं. असंच असेल ना? असंच असाले पाहिजे.

८ जानेवारी

४१२. तीन दिवसांचं एकाच फेरीत. देवगडपर्यंत तीन खुणा.

काकांनं पाहिलं. डोक्याले हात लावून पायरीवर बसले. मग पालथी घालाले उठले तर मी आडवी आली. पाया पडली. दोनच दिवस, काका.

९ जानेवारी

४६२. मालवण. एकच राहिलं. रेडी.

त्याच्या पेडलवर आज पट्टे नाहीत.

ते माझ्या सायकलवर आहेत. माझा डबा कुलपात आहे, त्यातले नाहीत, त्याचेच — तो बक्कल मी वाकवला होता तो — माझ्या बॅगाही लावलेल्या. मी नाही लावल्या.

वहीत रेडीच्या पुढे खूण नाही. त्याच्या अक्षरात एवढंच — दुसऱ्या फेरीले येते म्हणाली होती.

आईले फोन केला. सगळं सांगतलं, पट्ट्याचंही. ती म्हणाली, घरी ये बाळा, आणि त्याची सायकल घेऊन ये. मी ती पुसून दारात उभी ठेवीन.

१० जानेवारी, सकाळ

धुकं. तलाव दिसत नाही, नुसता आवाज. पाणी येते आणि जाते, येते आणि जाते. तलावाचं पाणी असं करत नाही —

त्याची सायकल अंगणात नाही. पाळीवर घंटी वाजून राहिली. दोनदा, थांबून दोनदा.

एकच फेरी. वळणापर्यंतच. त्याले तोंडानं सांगाचं आहे, पट्टे मी आवळले होते, माफ कर, आणि दीप, तो समुद्र नाही, घरी जा. एवढं तर बहिणीनं —

माझ्या सायकलचे पट्टे ढिलेच आहेत. मी पाहिले. हँडलच्या बॅगेवर वही ठेवून लिहून राहिली, एक पाय जमिनीवर आहे. एक पेडलवर. ढिलाच होता, आता —

मावशी, वही तुम्हाले सापडेल. दोन्ही सायकली पालथ्या घाला. आई येईल, पुसाले मागेल, उभी कराले मागेल, ती कितीही रडली तरी तिले —