कुलूपबंद स्वच्छतागृह आणि पहिलीतील 'हिंसक' विद्यार्थिनी

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (शिक्षण),
प्रभाग शिक्षण कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : कु. जन्नत इनामदार हिच्या वर्तणुकीचे कारण कळविणे व शाळेतील कुलूप काढण्याचे आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : हमीपत्र मागविणारे आपले पत्र.

महोदय,

१. माझी सहा वर्षांची मुलगी जन्नत छावणीतील अंकुरवेल प्राथमिक शाळेत शिकते. ती मुलांना चावते म्हणून तिचा दाखला 'स्वेच्छेने' न्यावा, अन्यथा तिच्या नोंदीत 'हिंसक' असा शेरा जाईल, असे शाळेने कळविले. मी दाद मागितली, तर आपण माझ्याकडूनच सद्वर्तनाचे हमीपत्र मागविलेत. त्यावर विद्यार्थिनीचीही सही हवी आहे. तिला अजून जोडाक्षरे येत नाहीत.

२. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले असून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एखादी गोष्ट एके ठिकाणी घडते व दुसरीकडे घडत नाही, तेव्हा फरक कशात आहे ते आधी पाहावे, असे मला शिकविलेले आहे. जन्नत घरी चावत नाही. अरबीच्या शिकवणीत चावत नाही. आजोळी, देवगाव रंगारीला, भावंडांच्या गोंधळातही चावत नाही. शाळेत मधल्या सुट्टीनंतर चावत नाही. मुख्याध्यापक श्री. वैजनाथ सरांना हे सांगितले, तर म्हणाले, "घरचं वळण असतं मॅडम, दुसरं काय?"

३. म्हणून परवानगी घेऊन मी वर्गात मागे बसले. तिसऱ्या तासाला जन्नत पाय आवळून डुलू लागली. तिने हात वर केला. वर्गशिक्षिका पद्मजाबाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत. तोंडावर बोट!" पुढे शेजारच्या मिहिरचे कोपर तिच्या पोटाला लागले आणि ती त्याच्या दंडाला चावली. बाईंनी नोंद केली : 'विनाकारण'.

४. स्वच्छतागृहाला कुलूप असते; ते फक्त मधल्या सुट्टीत निघते. शिपाई कचरूमामा म्हणाले, "त्याला बक्षीस मिळालंय ना ताई. फरशीवर डाग दिसला की बोलणी मलाच." बक्षीस स्वच्छतेचे असून आपल्याच कार्यालयाने दिले आहे. एरवी कोणी वापरत नाही म्हणून ते स्वच्छ आहे.

५. चावणे चूकच. मी मिहिरच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आई चारुताताई म्हणाल्या, "अहो, आमचा तर शाळेतून आला की बूट न काढता आधी बाथरूमात पळतो!" जन्नतची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे. भरपूर पाणी पाजा, असे डॉक्टर सांगतात. पाजते. पुढे तिने जावे कुठे, ते आपण सांगावे.

६. आपण वार्षिक तपासणीला आलात, त्या दिवशी कुलूप सकाळपासून काढलेले होते. त्या दिवशी जन्नत कोणालाही चावली नाही. आपण तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि शेरा लिहिलात : 'विद्यार्थी शिस्तप्रिय. स्वच्छतागृह आदर्श.' या दोन वाक्यांचा संबंध आपल्याखेरीज कोणी सिद्ध केलेला नाही, आणि तो आपल्यालाच दिसला नाही.

७. हमीपत्र मी देणार नाही. दाखलाही नेणार नाही. मुलीला काढता येत नाही, हे कायद्यात आहे. आपण पुन्हा तपासणीला यावे, मात्र न कळविता. येण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यावे. तिसऱ्या तासाला पहिलीच्या बाकावर बसावे. जावेसे वाटल्यास हात वर करावा. मधल्या सुट्टीपर्यंत तसेच बसून मग शेरा लिहावा.

आपली, अद्याप नम्र,
झेबा फारूख इनामदार
(जन्नतची आई)
छावणी, दि. ११ सप्टेंबर २०२५

सोबत : १) लघवी तपासणीचा अहवाल. २) आपल्या शेऱ्याची प्रत. ३) कोरे हमीपत्र, परत.